टीजीएफ-बीटा न घालताही फायब्रोब्लास्टमध्ये अल्फा-एसएमए का दिसतं?

प्रश्न
त्वचेच्या फायब्रोब्लास्टना (ऊतीचं तंतुमय जाळं बनवणाऱ्या पेशी) १०% सीरमच्या (रक्तातला पेशीविरहित द्रव) मीडियममध्ये टीजीएफ-बीटा१ (व्रण घडवणारं संकेत-प्रथिन, प्रति मिली ५ नॅनोग्रॅम) ४८ तास दिलं. अल्फा-एसएमए (आकुंचनाचं प्रथिन, फायब्रोब्लास्ट सक्रिय झाल्याची खूण) कंट्रोलमध्येही, म्हणजे टीजीएफ-बीटा न दिलेल्या पेशींतही, भरपूर, फरक किरकोळ. जखमेतल्या दाहासारखी स्थिती यावी म्हणून सोबत आयएल-१ बीटा (दाह पेटवणारं संकेत-प्रथिन) घातलं, तर अल्फा-एसएमए उलट कमीच झालं. दाह जास्त तर व्रण (जखम भरल्यावर राहणारा वण) जास्त, असं असताना हे कसं?

उत्तर १
डोस योग्य आहे, प्रति मिली २ ते १० नॅनोग्रॅम चालतं. गडबड कंट्रोलमध्ये आहे. सीरममध्ये मुळातच टीजीएफ-बीटा असतं. त्यात प्लास्टिकचा ताठरपणा गिगापास्कलमध्ये, तर ताज्या जखमेतल्या नव्या ऊतीचा किलोपास्कलमध्ये. ताठर पृष्ठभागावर पेशी इंटिग्रिनने (पेशीला बाहेरच्या जाळ्याशी जोडणारी प्रथिनं) ओढ लावतात आणि बाहेरच्या जाळ्यात अडकलेलं सुप्त टीजीएफ-बीटा मोकळं करतात. पेशी विरळ पेरल्या तरी अल्फा-एसएमए वाढतं, म्हणून सगळ्या वेलमध्ये (प्लेटमधले खळगे) घनता एकच ठेवा.

वेलचा ७०-८०% तळ पेशींनी भरल्यावर सीरम ०.५% किंवा त्याहून कमी करा, २४ तास थांबा, मग डोस द्या. कंट्रोलला नुसतं मीडियम नको. टीजीएफ-बीटा ज्यात विरघळवलं तेच द्रावण तेवढंच घाला (बहुधा ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्रति मिली १ मिलिग्रॅम बीएसए, म्हणजे गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन). बीएसए नसेल तर प्रथिन नळीच्या भिंतीलाच चिकटतं. पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं टाळा.

एका वेलमध्ये टीजीएफ-बीटा न घालता एसबी-४३१५४२ (टीजीएफ-बीटाचा ग्राही रोखणारं रसायन, १० मायक्रोमोलर) घाला. तिथे अल्फा-एसएमए उतरलं, तर संकेत आधीपासूनच चालू होता हे नक्की.

उत्तर २
आयएल-१ बीटाचा निकाल मला तरी अगदी अपेक्षित वाटतो. ते एनएफ-कप्पा-बीमार्फत (दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन) एमएमपी-१ (कोलॅजन तोडणारं एन्झाइम), तसंच आयएल-६ आणि प्रोस्टाग्लँडिन ई२ हे दाहाचे संदेशक रेणू वाढवतं. फायब्रोब्लास्ट तेव्हा साफसफाई आणि निरोप धाडण्याच्या कामात असतो, आकुंचनाच्या नाही. जखमेत आधी प्लेटलेटमधलं पीडीजीएफ (पेशींना वाढवणारं संकेत-प्रथिन) पेशींना बोलावतं, दोन-तीन दिवसांनी फायब्रोब्लास्ट शिरू लागतात आणि मायोफायब्रोब्लास्ट (अल्फा-एसएमए असलेले, आकुंचन पावणारे फायब्रोब्लास्ट) साधारण दुसऱ्या आठवड्यात भरात येतात. लांबलेल्या दाहाने व्रण वाढतो हे खरंच आहे, पण तो मुख्यतः मॅक्रोफेज (रोगप्रतिकारातल्या भक्षक पेशी) आठवडेच्या आठवडे टीजीएफ-बीटा पुरवत राहतात आणि मायोफायब्रोब्लास्ट वेळेवर मरत नाहीत म्हणून. ४८ तासांच्या प्लेटमध्ये मॅक्रोफेजच नाहीत! दोन्ही एकदम देऊ नका. आयएल-१ बीटा २४ तास, दोनदा धुणं, मग टीजीएफ-बीटा, असा क्रम लावून बघा.

उत्तर ३
नुसत्या ब्लॉटवर (प्रथिन किती आहे एवढंच दाखवणारी चाचणी) विसंबू नका. प्रथिन असूनही ते ताणतंतूंमध्ये गुंफलेलं नसेल तर पेशी पुरेशी आकुंचत नाही. इम्युनोफ्लुओरेसन्सने (चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी रंगवून) तंतू पाहा.

कोलॅजन (व्रणातलं मुख्य तंतुमय प्रथिन) मोजणार असाल तर अॅस्कॉर्बिक आम्ल (प्रति मिली ५० मायक्रोग्रॅम) रोज ताजं घाला. त्याच्याशिवाय कोलॅजनमधल्या प्रोलिन या अमिनो आम्लाचं हायड्रॉक्सिलेशन (त्याला हायड्रॉक्सिल गट जोडणं) अपुरं राहतं, कोलॅजनचा तिहेरी पीळ टिकत नाही आणि कोलॅजन पेशीतच अडकून पडतं. मग टीजीएफ-बीटाने जनुक वाढलेलं दिसेल, मीडियममध्ये मात्र फारसं काही सापडणार नाही.