मदत हवी आहे: अबोल माणसाला पणजी मानवेल की फोंडा?

मी डिचोलीत राहतो, काम घरूनच करतो आणि स्वभावाने अबोल आहे. मात्र महिन्याला एखादे नाटक पाहिल्याशिवाय मला करमत नाही. म्हणून कला अकादमीसाठी पणजीत आणि राजीव गांधी कला मंदिरासाठी फोंड्यात मी आठवडाभर राहून पाहिले. पणजीत कोणी विचारपूस केली नाही, याचे आधी सुख वाटले, पण चौथ्या दिवशी तेच खुपू लागले; फोंड्यात तिसऱ्याच सकाळी पोदेराने पाव देता देता गाव, आडनाव आणि लग्नाविषयी विचारले. म्हापसा कृपया सुचवू नये, शुक्रवारचा बाजार मला झेपत नाही. भाडे १५,००० रुपयांपर्यंत परवडेल आणि वाहन स्कूटरच आहे. अशी विचारपूस वर्षभरात अंगवळणी पडते की अधिकच जाचते, हे दोन्हीकडे राहिलेले कोणी सांगू शकतील का?