मदत हवी आहे: नाताळच्या पार्टीसाठी 'अग्ली स्वेटर' कुठे मिळेल? (तातडीचं)

घाईत_आहे: ऑफिसच्या पार्टीला अग्ली ख्रिसमस स्वेटर (मुद्दाम भडक, गमतीदार सजावटीचा) सक्तीचा केलाय. इथे दुकानांत फक्त राखाडी नाहीतर मरून, तेही साधे. ऑनलाइन वेळेत येईल याची खात्री नाही. लवकर सांगा.

माडाखाली: 'इथे' म्हणजे खंय? पार्टी कधी, एसीत की उघड्यावर? साईझ काय? ह्या सांगल्याशिवाय कोण काय सांगतलो?

ऊबदार: लुधियानाचा लोकरीचा घ्या. धुताना गार पाणी, सौम्य साबण, पिळायचा नाही. टॉवेलात गुंडाळून पाणी काढा आणि सावलीत आडवा पसरा. दोरीवर टांगलात तर बाह्या लोंबतात.

टाचणी: धुवायचं कुणी विचारलंय? किनाऱ्यावर राहत असाल तर डिसेंबरात रात्रीसुद्धा पारा विसाच्या आसपास, वर दमट हवा. लोकर काय, ॲक्रिलिक काय, अंगात ठेववणार नाही. स्वेटर शोधूच नका. पूर्ण बाह्यांचा लाल सुती टी-शर्ट घ्या, १८० ते २२० जीएसएमचा (दर चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), आतून फर नसलेला. एक नंबर मोठा घ्या, कारण सजावट लावली की कापड ताणलं जात नाही आणि डोकं गळ्यातून जाताना टाके उसवतात.

घाईत_आहे: रत्नागिरी. २४ तारखेला, गच्चीवर. एक्सएल. शिवण येत नाही.

झटपट: मग ग्लूगन. फेल्टचा (नमद्यासारख्या जाड कापडाचा) सांता कापा, चिकटवा, अर्ध्या तासात काम संपलं.

टाचणी: ग्लूगनचा गोंद थंड झाला की कडक होतो. होजिअरी ताणली की तो खपलीसारखा सुटतो, आणि कापड ॲक्रिलिक असेल तर गरम गोंदाने आकसतं. धावदोरा तरी घाला, तो कुणालाही जमतो. आधी आतल्या बाजूने बकरम (कडक अस्तर) इस्त्रीने चिकटवून घ्या, म्हणजे चित्र सुरकुतत नाही. सांता २२ ते २५ सेंटीमीटर रुंद, गळ्याखाली चार बोटं सोडून. त्याहून लहान केला तर लांबून डागासारखा दिसतो.

झटपट: एका रात्रीपुरतं घालायचं आहे, बकरम कशाला? कापडाचा गोंद आणा, वजन ठेवून रात्रभर वाळू द्या.

टाचणी: कापडाचा गोंद चालेल. ग्लूगन नाही.

चितारआळी: सावंतवाडीची लाकडी फळं टाका शिवून, केळी-आंबे. खरा कोकणी नाताळ!

टाचणी: लाकडाच्या वजनाने गळा पोटापर्यंत ओढला जाईल. हौस असेल तर फळं फेल्टचीच कापा, आत थोडा कापूस. गर्द हिरव्या बाह्या, छातीवर आंबे, कडेने चमकीची झालर. रंग जितके एकमेकांशी भांडतील तितकं बरं, अग्लीचं मर्म तेच आहे.

माहितीगार: या पार्ट्यांची सुरुवात २००२ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला झाली असं मानतात. तिथे त्या वेळी थंडी असते.

माळवाला: दिवे राहिले. तांब्याच्या तारेची दोन मीटरची माळ घ्या, दोन सीआर२०३२ बटणसेलवर चालणारी. तार आतून फिरवा, फक्त दिव्यांची टोकं बाहेर काढा. सेलची डबी छातीपाशी नको, घामाने संपर्काच्या पट्ट्या गंजतात. खालच्या शिवणीजवळ आतून छोटा खिसा करा. स्क्रूचं झाकण असलेलीच डबी बघा. पार्टीला मुलं येतात, आणि बटणसेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजते.

केकप्रेमी: रत्नागिरीत अंड्याशिवायचा प्लमकेक कोण करतं?

माडाखाली: त्याचो वेगळो धागो काढ रे.

घाईत_आहे: टी-शर्ट रामआळीत मिळाला, फेल्टही. बाह्या हिरव्या कशा करू? रंगवू का?

टाचणी: रंगवू नका, घामाने रंग उतरून लालात मिसळेल. दुसरा हिरवा टी-शर्ट घ्या, त्याच्या बाह्या खांद्याच्या शिवणीवर कापून शिंप्याकडून ओव्हरलॉक करून जोडून घ्या. हे आधी, सांता नंतर. उलट केलंत तर मशीनखाली फेल्ट अडकेल.