मनीऑर्डर थांबल्यावर : गिरणी संपानंतरचं गावाकडचं घर

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, कितीतरी जणांना पुन्हा आत घेतलंच नाही. संपाचे पुढारी दत्ता सामंत, गिरण्यांच्या जमिनी, मॉल यांवर भरपूर लिहून झालंय. मला विचारायचंय ते कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांचं. बाप्ये मुंबईत, बायका गावी, असेच संसार पिढ्यान्‌पिढ्या चालले. पैसे यायचे थांबले आणि माणूसच घरी आला, तेव्हा घरात कोणाचं चालायला लागलं? आपापल्या घरचं लिहा. पुढाऱ्यांवरून भांडण नको.

आंबोळी
बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर. गावी यायचे ते गणपतीला आणि शिमग्याला. ८३ साली ट्रंक घेऊन आले ते राहायलाच. तोवर बियाणं, गडी, सोसायटीचं कर्ज, भावकीशी बांधाचा वाद, सगळं आई निस्तरायची. सातबाऱ्यावर नाव तेवढं बाबांचं. पहिल्याच पावसात गड्याने सवयीने विचारलं, "वयनी, तरवो खंयचो काढूचो?" (तरवो म्हणजे लावणीची भाताची रोपं.) उत्तर बाबांनी दिलं. आई गप्प. गड्याने काढला मात्र आईने नजरेने दाखवला तोच.

बाबांचा राग मालकावर होता, निघायचा आईवर. दारूचं वेगळं सांगत नाही. मग आई काजूच्या कारखान्यात जायला लागली. बिया फोडून चिकाने बोटांची सालं निघायची, रात्री खोबरेल चोळत बसायची. पगाराचं पाकीट मात्र न फोडता बाबांसमोर ठेवायची. मी चिडले, तर म्हणाली, "तेंका जल्मभर पैशे धाडूची सवय, घेवची नाय."

घाटावरचा
पाटण तालुका. आमच्याकडे वेगळंच झालं. आई रोजगार हमीवर खडी फोडायला जायची, भाकऱ्या वडील थापायचे. मुंबईत गाळ्यावर, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोलीत, हाताने करून खायची सवय होती ना! फक्त दार लावून थापायचे, भावकी हसते म्हणून.

लालबागची
गावच्या बायकांत माझी आजीही धरा. संगमेश्वरची. विधवा झाल्यावर मुंबईला येऊन चाळीत खानावळ चालवायची. प्रेमाताई पुरवांच्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे (स्थापना १९७५) तिला बँकेचं कर्ज मिळालं होतं. संपात तिने जेवण कोणाचंच बंद केलं नाही. उधारीची वही भरत गेली, जेवणारे गडी एकेक करून गावाला गेले, आणि हप्ते हिच्या डोक्यावर. काहींनी नंतर तांदूळ पाठवून फेडलं. बाकीच्यांची नावं ती मरेपर्यंत घेत होती, तीही शिव्यांसकट.

आणखी एक. गिरणीत बायकाही होत्या, वाइंडिंग-रीलिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत. त्यांची संख्या संपाच्या कितीतरी आधीपासून घटत आली होती. संपाला सगळे ऐतिहासिक म्हणतात, त्या घटीला कोणी म्हणत नाही.

माहेरवाशीण
गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत आमच्या वडिलांचा नंबर लागला, ते गेल्यानंतर. भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं, "ताई, इथे सही." घर कुठे आहे, केवढ्याचं आहे, काही सांगणं नाही. संपात पैसे नाहीत म्हणून सातवीतून शाळा सुटली ती माझी, त्याची नाही. आई म्हणते, भाऊ तुटेल. कागद अजून कपाटात आहे.

आंबोळी
@माहेरवाशीण, सही करू नका. आधी तुमच्या ओळखीच्या वकिलाला दाखवा, भावाच्या नव्हे.