ओळख म्हणजे वशिला नव्हे

'ओळखीशिवाय इंटर्नशिप मिळत नाही' असं बरेच जण म्हणतात, पण मला ते अर्धंच पटतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलं होतं की नोकरीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त कळते. कारण साधं आहे, मित्रांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊकच असतं. म्हणून काका-मामांच्या मागे लागण्यापेक्षा दोन-तीन वर्षं पुढे असलेल्या सीनियर्सना लिहा. 'काही असेल तर सांगा' असा मेसेज मात्र नको, त्याला कोण काय उत्तर देणार? तुमच्या टीममध्ये इंटर्न नेमकं काय करतात, कुठल्या महिन्यात घेतात, असं विचारलं की लोक बोलतात (आपल्या कामाबद्दल बोलायला कुणाला आवडत नाही!).

कोडिंगवाल्यांसाठी गूगल समर ऑफ कोड हा गूगलचा कार्यक्रम आहेच, २००५ पासून चालू. त्यात ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर काम करायचं असतं. मानधन मिळतं, निवड असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्था अर्जदाराचा प्रस्ताव पाहून करतात. पण अर्जाच्या आधीच त्या संस्थेच्या प्रकल्पात थोडंफार काम केलेल्यांचं पारडं जड असतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यात जागे होऊ नका.

आणि 'ट्रेनिंग फी' किंवा 'डिपॉझिट' मागत असतील तर सरळ नाद सोडा.