मदत हवी आहे : मिलची घरघर जाड, मग कानातल्या बारीक आवाजाच्याच पेशी का गेल्या?

आमचे अण्णा लातुरात डाळमिलमध्ये तीस वर्षं चाळणीवर होते. आता हरिपाठाला बसले की पखवाज नीट ऐकू येतो, टाळ मात्र लांब कुठंतरी वाजल्यासारखे वाटतात. ‘सात वाजले’ म्हटलं की ‘हात भाजले?’ विचारतात. आई ओरडून सांगते तरी शब्द उमगत नाही, मग दोघंही गप्प. ते बघवत नाही.

ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, १००० हर्ट्झपर्यंत रेघ ठीक (हर्ट्झचा आकडा मोठा तितका सूर बारीक), ४००० ला खड्डा, ८००० ला पुन्हा जरा वर. ‘आवाजानं नसा गेल्या’ एवढंच डॉक्टरांनी सांगितलं.

वाचून मला कळलं ते असं. कॉक्लिया म्हणजे कानाच्या आतल्या भागातली शंखासारखी वेटोळी नळी. आतला बेसिलर पडदा उलगडला तर साधारण ३५ मिलिमीटर भरतो. सुरुवातीला तो अरुंद आणि ताठ, तिथं बारीक आवाजानं थरथरतो. टोकाला रुंद आणि सैल, तिथं जाड आवाजानं. त्या पडद्यावर थरथर टिपणाऱ्या केशपेशी असतात, त्यांच्यावरचे तंतूही सुरुवातीला आखूड, टोकाकडे लांब. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावली की आवाज उतरतो, तसं काहीसं मी मनात धरलंय. पण कासवाच्या कानात पेशी स्वतःच विजेच्या हेलकाव्यानं एका सुराला लागलेली असते म्हणे!

मग माणसाची पेशी स्वतः सुरात असते, की नुसती जागेमुळे? आणि खड्डा ४००० लाच का? कुणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद :

दादा, माणसात मुख्य काम जागेचंच, पण तेवढ्यानं सूर ढोबळ लागतो. त्याला धार देतात कॉक्लियातल्याच बाहेरच्या ओळींतल्या केशपेशी. एका कानात त्या साधारण १२,००० असतात. प्रेस्टिन नावाच्या प्रथिनामुळे त्या आवाजाच्या तालावर आखडतात, लांबतात आणि आपल्या जागेची थरथर वाढवतात. मोठ्या आवाजात आधी मरतात त्याच. म्हणजे अण्णांना आवाज नुसता कमी ऐकू येतो असं नाही, जवळजवळचे सूर वेगळे करणंही गेलंय. म्हणून आईंनी ओरडून उपयोग होत नाही. उजेडात समोर बसून, सावकाश बोलायला सांगा. टीव्ही आधी बंद करा.

४००० चं म्हणाल तर मिलच्या गोंगाटात सगळेच सूर असतात. आपली कानाची बाहेरची, भोकापासून कानाच्या पडद्यापर्यंतची नळी अडीच सेंटिमीटरची, ती ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून आत पाठवते, आणि इजा त्याच्या जरा वरच्या सुराच्या जागेला बसते.

कोंबडीच्या कानात मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवतात, आपल्या नाही. घरातलं अजून कुणी मिलमध्ये असेल तर त्याला आजपासून इअरमफ लावायला सांगा, आणि कान दुखत नसले तरी एकदा ऑडिओग्राम काढून घ्या.

धागाकर्ता :

धाकटा भाऊ आहे, त्याच चाळणीवर. उद्याच घेऊन जातो.