बायोलॉजिक इंजेक्शन लागू पडणार नाही म्हणाले, आईच्या दम्यासाठी आता पुढे काय?

लेक_काळजीत:
नमस्कार मंडळी. आईचं वय ६१, दमा जुनाच आहे पण गेली दोन वर्षं फार वाढलाय. रात्री आडवं होताच येत नाही, भिंतीला तीन उशा लावून बसल्या बसल्या डोळा लागेल तेवढीच झोप. हाय डोसचा कॉम्बिनेशन इन्हेलर आहे, टायोट्रोपियम आहे, मॉन्टेलुकास्ट आहे, तरी वर्षात चारदा स्टिरॉइडचा कोर्स झाला आणि आता दीड महिना प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम रोज चालूच आहे. चेहरा सुजलाय, शुगर चढायला लागलीय. ओमालिझुमॅब हे बायोलॉजिक (दम्याच्या सूजेतल्या ठरावीक घटकाला अडवणारं) इंजेक्शन सहा महिने घेतलं, काहीच फरक नाही. परवा रक्तात इओसिनोफिल (ॲलर्जी आणि दम्यात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ६० म्हणजे कमी आले म्हणून डॉक्टर म्हणाले मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब ही त्या पेशींवरची इंजेक्शनं तुम्हाला लागू पडणार नाहीत. मग अशा पेशंटने करायचं काय? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

जुना_दमेकरी:
ताई, रक्त काढलं तेव्हा प्रेडनिसोलोन चालू होती ना? मग त्या ६० वर लगेच विश्वास ठेवू नका. ती गोळी इओसिनोफिल खाली दाबते. माझं अगदी हेच झालं होतं, गोळीवर असताना ४० आणि डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवून परत तपासलं तर ३४०, आज मी बेनरालिझुमॅबवर आहे आणि जिना चढतो. जीना (GINA) या दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या गाईडलाइनमध्येही लिहिलंय की गोळी थांबवून एकदोन आठवड्यांनी किंवा जमेल तितक्या कमी डोसवर तीन वेळापर्यंत टेस्ट रिपीट करा, आणि फेनो म्हणजे श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची टेस्ट पण. फक्त गोळी आपल्या मनाने बंद करू नका हं, इतके दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं, एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं.

फुफ्फुस_टेक्निशियन:
वरचं बरोबर आहे. त्यात भर घालतो. रिपीट करूनही आकडे कमीच आले तरी सगळी दारं बंद होत नाहीत. टेझेपेलुमॅब २०२१ च्या शेवटी अमेरिकेत मंजूर झालं, ते टीएसएलपी या सूज सुरू करणाऱ्या प्रथिनाला अडवतं, म्हणजे सूजेच्या साखळीत बरंच वरच्या टप्प्यावर, म्हणून इओसिनोफिल कमी असले तरी विचार करता येतो, फक्त फायदा तुलनेने कमी मिळतो. दुसरं अझिथ्रोमायसिन, ५०० मिलिग्रॅम आठवड्यातून तीनदा. २०१७ च्या अमेझेस ट्रायलमध्ये ४८ आठवडे दिलं होतं आणि अटॅक कमी झाले, इओसिनोफिल नसलेल्या दम्यातसुद्धा. पण आधी ईसीजी, कानाची तपासणी आणि थुंकीत टीबीसारखे जंतू नाहीत ना हे बघायला हवं.

पण खरं सांगू का, मी रोज पेशंटना फुंकर मारायला लावतो आणि माझा अनुभव असा की "काहीच लागू पडत नाही" म्हणून येणाऱ्यांमध्ये पुष्कळदा दम्याला दुसरंच काहीतरी खतपाणी घालत असतं. पंप दाबणं आणि श्वास ओढणं यांचा मेळ बसत नाही, स्पेसर (पंपाला लावायची नळी) कपाटात पडलेला असतो. ॲसिडिटी, सायनस, झोपेत घोरणं, स्वरयंत्र मध्येच आवळणं, किंवा ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी. आणि एक गोष्ट कुणीच विचारत नाही. आई डोळ्यात काही थेंब घालतात का? काचबिंदूचे?

लेक_काळजीत:
दादा, हो घालते. आत्ता फ्रिजच्या दारातली बाटली काढून बघितली, टिमोलोल लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी चालू केले होते. छातीच्या डॉक्टरांना आम्ही सांगितलंच नाही, डोळ्याचं औषध म्हणून लक्षातच आलं नाही.

फुफ्फुस_टेक्निशियन:
टिमोलोल बीटा ब्लॉकर आहे. थेंब नाकात उतरून रक्तात जातो आणि श्वासनळ्या आवळतो, दम्याच्या पेशंटला हे द्यायचंच नसतं. आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा, पुढचा थेंब घालायच्या आधी. नुसतं बंद करून गप्प बसू नका, डोळ्याचं प्रेशर वाढेल, लॅटानोप्रोस्टसारखा दुसरा थेंब बदलून देतात. सगळं यामुळेच असेल असं मी म्हणत नाही. आणि छातीच्या डॉक्टरांना बाटली नेऊन दाखवा.

जुना_दमेकरी:
आणि तोवर रात्री दम वाढून बोलता येईनासं झालं, ओठ निळे पडले तर सकाळची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.

लेक_काळजीत:
अपडेट देते. थेंब त्याच दिवशी बदलले. आज अकरावा दिवस, काल आई दोन उशांवर झोपली. छातीच्या डॉक्टरांनी गोळी ७.५ वर आणलीय, अजून उतरवून मग इओसिनोफिल आणि फेनो परत करणार आहेत. स्पेसर पण काढला कपाटातून. रिपोर्ट आला की इथेच टाकते.