झोत येतो तो बाहेरूनच

कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही, मग क्वेसारचे, म्हणजे महाकाय कृष्णविवरामुळे झगझगणाऱ्या दूरच्या दीर्घिकांच्या गाभ्यांचे, झोत बाहेर कसे पडतात, हा प्रश्न अगदी रास्त आहे. झोतातलं द्रव्य घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिथून परत फिरता येत नाही त्या सीमेच्या, आत कधी गेलेलंच नसतं. आत पडू पाहणाऱ्या वायूची तप्त चकती बाहेर फिरत असते. तिच्यातलं चुंबकीय क्षेत्र फिरत्या कृष्णविवराभोवती पिळलं जातं आणि त्या पिळातून भारित कण दोन्ही ध्रुवांकडे जवळपास प्रकाशाच्या वेगाने फेकले जातात. ऊर्जा बहुधा कृष्णविवराच्या स्वतःच्या फिरण्यातूनच येते.

ब्लेझार हा काही निराळा प्राणी नाही. झोत नेमका आपल्या दिशेने रोखलेला असला की त्याला ब्लेझार म्हणायचं, इतकंच. त्यामुळे त्याचं तेज कैक पटींनी वाढून दिसतं आणि काही तासांतही बदलतं. ३सी २७३ या क्वेसारच्या झोतातल्या गाठी तर प्रकाशापेक्षा वेगाने सरकताना दिसतात! नियम मोडलेला नसतो. गाठ स्वतःच्याच प्रकाशामागे धावत आपल्याकडे येते, म्हणून दोन क्षणांचा प्रकाश आपल्याला फार कमी वेळाच्या फरकाने मिळतो.

मला सगळ्यात थरारक वाटते ती २२ सप्टेंबर २०१७ ची घटना. दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या शोधयंत्रणेने बर्फात एक अतिऊर्जावान न्यूट्रिनो, म्हणजे द्रव्यातून सहज आरपार जाणारा विद्युतभाररहित सूक्ष्म कण, टिपला. तो आला त्या दिशेला टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझार होता आणि फर्मी या अवकाशातल्या दुर्बिणीला तो तेव्हा गॅमा किरणांत भडकलेला दिसला. असे न्यूट्रिनो वेगवान प्रोटॉनच्या टकरींतून जन्मतात; म्हणून झोतांत प्रोटॉनही प्रवेगित होत असावेत, याचा हा भक्कम धागा.